सामन्याच्या दिवशींचें आकाश

वानखेडे क्रीडांगणावर क्रिकेटचा एक मोठा सामना व्हावयाचा होता, त्याच्या आदल्या आठवड्यांतील ही गोष्ट. घोडपदेवच्या एका चाळींत राहणारा आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी तास संपतां संपतां उठून म्हणाला, "सर, मामांनीं मला कॅमेऱ्याचा ड्रोन आणून दिला आहे. सामन्याच्या रात्रीं तो आमच्या गच्चीवरून सोडतों आणि वानखेडेच्या दिव्यांचें वरून चित्र काढतों. आपल्या वार्षिकांत छापावयास होईल." त्याचा हेतु निर्मळ होता, आणि वार्षिकास चित्रांची वाण नेहमींचीच. तरी आम्हीं त्यास 'नको' म्हणून सांगितलें. त्यानें 'कां?' म्हणून विचारलें, आणि इतक्यांत घंटा झाली. 'पोलिसांची मनाई आहे' एवढें जातां जातां आम्ही बोललों. तें खरें होतें, परंतु तें शिक्षकाचें उत्तर नव्हतें. तें उत्तर येथें देण्याचें योजिलें आहे.

प्रथम ह्या शहराच्या आकाशाची रोजची स्थिति पाहूं. मुंबईच्या विमानतळावर धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींस छेदून जातात. म्हणून एका वेळीं एकीचाच उपयोग करतां येतो. ११ नोव्हेंबर २०२३ ह्या एका दिवसांत तेथें विमानांचें उतरणें व उडणें मिळून १,०३२ वेळां झालें. दिवसाचीं मिनिटें १,४४०. विद्यार्थ्यांनीं भागाकार करून पहावा: सरासरी दर ८४ सेकंदांस एक विमान! आपल्या हार्बर मार्गावरील गाड्यांसही इतकी घाई नसते. आणि गाडीस सिग्नल लाल दिसला तर ती रुळावर उभी तरी राहते. विमानास आकाशांत उभें राहतां येत नाहीं. त्यास थांबावयास सांगणें म्हणजे एका ठराविक जागीं घिरट्या घालावयास सांगणें होय. अशी एक घिरटी सामान्यतः चार मिनिटांची असते: एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हां एक सरळ, पुन्हां एक वळण. एकाच जागेवर पुष्कळ विमानें अशीं फिरवावयाचीं झाल्यास त्यांस हजार हजार फुटांच्या अंतरानें एकावर एक रचतात आणि तळचें उतरलें कीं वरचीं एकेक पायरी खालीं आणतात. प्रत्येक घिरटीला इंधन जळत असतें, आणि वैमानिकाच्या टाकींत दुसऱ्या विमानतळापर्यंत जाऊन वर अर्धा तास पुरेल एवढा सांठा राखलेला असलाच पाहिजे. तो राखून उरेल तेवढाच वेळ त्यास मुंबईवर थांबतां येतें; पुढें अहमदाबाद किंवा गोवा गांठणें भाग.

हें सर्व चालू असतां शहराच्या दक्षिण टोंकास तेहतीस हजारांच्या आसपास माणसें एका उघड्या वाडग्यासारख्या जागेंत तासन् तास बसणार असतात. तीं सर्वजण कोठें आहेत व कोणत्या वेळीं आहेत, हें साऱ्या जगास कित्येक महिने आधीं ठाऊक असतें. २००१ सालीं न्यूयॉर्क येथें प्रवासी विमानेंच शस्त्रांसारखीं वापरलीं गेलीं, तेव्हांपासून अशा जागेच्या माथ्यावरील आकाशाचा विचार करणें कोणत्याही सरकारास टाळतां येईनासें झालें. आपल्या शहरानें तर २००८ च्या नोव्हेंबरांत समुद्रामार्गें आलेला घाला सोसला आहे. त्यानंतर तिसऱ्याच वर्षीं, २ एप्रिल २०११ रोजीं, विश्वचषकाचा अंतिम सामना वानखेडेवर झाला. भारताच्या व श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षांनीं तो तेथें बसून पाहिला. त्या दिवशीं क्रीडांगणाभोंवतींचें आकाश विमानांस बंद ठेवलें होतें. त्या सामन्यांतील धोनीचा शेवटचा षट्कार आमच्या पिढीच्या प्रत्येकास आठवतो. वरच्या रिकाम्या आकाशाची आठवण कोणास असण्याचें कारण नाहीं.

आकाश बंद करतात तें कसें? त्यासाठीं वैमानिकांस उद्देशून एक सूचना काढतात. तिला इंग्रजी अक्षरांवरून 'नोटाम' असें म्हणतात. अमुक बिंदूभोंवतीं इतक्या त्रिज्येचें वर्तुळ, जमिनीपासून इतक्या फुटांपर्यंत, अमुक वेळेपासून तमुक वेळेपर्यंत, एवढाच तींत मजकूर. वेळ मात्र ग्रीनिचची असते, म्हणजे आपल्या घड्याळांतून साडेपांच तास वजा करावयाचे. २०११ चा तो सामना दुपारीं अडीच वाजतां सुरू झाला. सूचनेच्या भाषेंत ते सकाळचे नऊ होत. त्रिज्या किती असावी हें प्रसंगावर अवलंबून असतें. अमेरिकेंत तीस हजारांवर आसनांच्या क्रीडांगणांवर मोठ्या सामन्यांच्या वेळीं तीन सागरी मैलांचा व तीन हजार फूट उंचीचा नियम आहे, तोही सामन्याच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत. तीन सागरी मैल म्हणजे साडेपांच किलोमीटर. हेंच वर्तुळ आपण मुंबईच्या नकाशावर वानखेडे मध्यबिंदु धरून काढलें, तर राणीचा बाग आंत येतो आणि वर्तुळाची कड घोडपदेवापाशीं येऊन पोंचते. कंपासपेटी घेऊन हें करून पहावें.

येथें चतुर विद्यार्थी विचारील कीं, कागदावरच्या वर्तुळानें कोणाचा हात धरला जातो? विमानतळापासून वानखेडे सरळ रेषेंत सुमारें सतरा किलोमीटर. दहा हजार फुटांखालीं विमानानें ताशीं २५० सागरी मैलांहून अधिक वेगानें जाऊं नये असा सर्वसाधारण नियम आहे. त्या वेगानें हें अंतर सव्वादोन मिनिटांत संपतें. वर्तुळ म्हणजे कांहीं तटबंदी नव्हे. मग त्याचा उपयोग काय?

आमच्या मतें त्याचा खरा उपयोग ओळख पटविण्याचा आहे. बाजाराच्या गर्दींत कोण गिऱ्हाईक आणि कोण खिसेकापू हें शिपायास कळत नाहीं. तोच रस्ता रिकामा केला तर त्यावर चालणारा एकटा माणूस दुरून दिसतो. आकाशाचें तसेंच. विमानाचें यंत्र चार आंकड्यांची एक खूण रडारला कळवीत असतें. हे आंकडे शून्यापासून सातापर्यंतचेच असल्यामुळें एकंदर खुणा ४,०९६ होतात. संप्रेषणयंत्र बिघडलें तर वैमानिकानें ७६०० ही खूण लावावी, विमान बळानें पळविलें जात असेल तर ७५००, असा संकेत जगभर आहे. शिवाय आपल्या देशांत बहुतेक उड्डाणांस वायुदलाकडून संमतीचा क्रमांक आधीं घ्यावा लागतो. तेव्हां प्रामाणिक वैमानिक सूचना वाचून वर्तुळाबाहेर राहतो, आणि जो आंत येतो तो वाट चुकलेला तरी असतो किंवा वाईट हेतूचा तरी. पाहणाऱ्यास हजारांतून एक निवडावयाचा नसतो. जो दिसेल त्याचाच विचार करावयाचा असतो. वाट चुकलेल्यासाठींही रीत ठरलेली आहे. लढाऊ विमान त्याच्या पुढें, बहुधा डाव्या अंगास येऊन पंख हलवितें. त्यानेंही पंख हलवून 'समजलें' असें कळवावयाचें व मागोमाग जावयाचें. शब्द न बोलतां चाललेलें हें संभाषण आम्हांस फार सुंदर वाटतें.

दक्षिण मुंबईचें आकाश हें कांहीं सामन्याच्या दिवशींच राखलें जातें असें नाहीं. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रावरून विमान नेण्यास कायमची बंदी आहे, तें समजण्यासारखें आहे. परंतु मलबार टेकडीवरील पारशी बांधवांच्या डुंगरवाडीवरूनही तशीच बंदी आहे, हें थोड्यांस ठाऊक असेल. तेथें भीतीचें कारण नाहीं. मृतांचा मान राखावयाचा एवढेंच.

आतां ह्या सर्वांची किंमत कोण देतो तें पाहूं. १९ नोव्हेंबर २०२३ रोजीं अहमदाबादेस विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हां वायुदलाच्या सूर्यकिरण पथकाच्या कसरतीसाठीं तेथील आकाश दुपारीं पाऊण तास बंद होतें. मुंबईच्या आमच्या हिशेबानें पाऊण तास म्हणजे बत्तीस विमानें. हीं बत्तीस घिरट्या घालीत ठेवणें हें शहाणपणाचें नव्हे. म्हणून सूचना आधीं निघाली कीं विमानें निघण्याच्या गांवींच जमिनीवर रोखून धरतात. पॅरिसमध्यें २६ जुलै २०२४ रोजीं ऑलिंपिकच्या उद्घाटनासाठीं दीडशें किलोमीटर त्रिज्येचें आकाश संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत बंद केलें होतें. एवढें वर्तुळ मुंबईभोंवतीं काढल्यास पुणेंही त्यांत सहज येईल. नागपूरच्या विमानतळावर ताटकळत बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीस सामन्याचें कांहीं सुखदुःख नसतें. तरीही ती आपला एक तास त्या तेहतीस हजारांसाठीं देत असते. तिचे आभार कोणी मानल्याचें ऐकिवांत नाहीं.

लंडनमध्यें २०१२ च्या ऑलिंपिकच्या वेळीं ह्याहून अवघड मागणें मागितलें गेलें. राहत्या उंच इमारतींच्या गच्च्यांवर सैन्यानें विमानविरोधी क्षेपणास्त्रें आणून ठेवलीं. एका इमारतींतील रहिवासी 'आम्हांस नीट विचारलें नाहीं' म्हणून न्यायालयांत गेले व हरले. कायद्यानें तसें झालें असेल. पण चाळीच्या गच्चीवर लोणच्याच्या बरण्या आणि वाळवणें ठेवणाऱ्या आपल्या लोकांस त्या रहिवाशांचें दुःख कळण्यासारखें आहे. आमची सहानुभूति त्यांच्याकडे आहे. गर्दीच्या शहरांत पाडलेली वस्तु कोणाच्या तरी डोक्यावरच पडावयाची, ही गोष्ट निराळीच.

आणि आतां ड्रोन. मोठ्या विमानासाठीं रचलेली ही व्यवस्था ह्या लहानग्यापुढें बरीचशी लंगडी पडते. त्यास धावपट्टी नको, तो घरांच्या उंचीवरून जातो, रडारवर पक्ष्यासारखा दिसतो. १४ ऑक्टोबर २०१४ रोजीं बेलग्रेड येथें सर्बिया व आल्बेनिया ह्यांच्या फुटबॉल सामन्यांत एक ड्रोन एक झेंडा लोंबकळवीत मैदानावर आला. त्याच्यापाशीं स्फोटक नव्हतें, नुसतें कापड होतें. तेवढ्यानें खेळाडूंत झोंबाझोंबी झाली, प्रेक्षक मैदानांत घुसले आणि सामना सोडून द्यावा लागला. लंडनजवळचें गॅटविक विमानतळही मुंबईसारखेंच एका वेळीं एका धावपट्टीवर चालणारें. तेथें डिसेंबर २०१८ मध्यें ड्रोन दिसल्याच्या वार्तेवरून सुमारें एक हजार उड्डाणें व एक लक्ष चाळीस हजार प्रवासी अडकले. आणि करणारा कोण तें अखेरपर्यंत कळलें नाहीं.

आपल्याकडे १९३४ च्या विमान कायद्यानें 'विमान' ह्या शब्दाच्या व्याख्येंत पतंगासही घेतलें होतें, म्हणजे संक्रांतीस घोडपदेवच्या गच्च्यांवर कायद्याच्या दृष्टीनें केवढा विमानतांडा उडत असे! ड्रोनसाठीं मात्र २०२१ सालीं स्वतंत्र नियम झाले. त्यांप्रमाणें देशाच्या नकाशावर तांबडे, पिवळे व हिरवे असे विभाग आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरांच्या पट्ट्यांत २०० फुटांवर गेलें कीं पिवळा विभाग लागतो, व तेथें परवानगीवांचून उडवितां येत नाहीं. घोडपदेव विमानतळापासून सुमारें दहा किलोमीटरांवर, म्हणजे ह्या पट्ट्यांतच बसतें. शिवाय मुंबईचे पोलीस वेळोवेळीं आदेश काढून शहरभर ड्रोन, पॅराग्लायडर व गरम हवेचे फुगे उडविण्यास मनाई करतात.

आमच्या विद्यार्थ्याच्या गच्चीपासून वानखेडे सुमारें पांच किलोमीटर. सेकंदास पंधरा मीटर वेगाचा ड्रोन तेथें साडेपांच मिनिटांत जाईल. त्या साडेपांच मिनिटांत खालच्या शिपायास काय ठाऊक असणार? मामांनीं आणलेला कोणता आणि घातपाताचा कोणता, हें ड्रोनवर लिहिलेलें नसतें. मुलाचें मन निर्मळ आहे हें आम्ही जाणतों, पण आम्ही त्याचे शिक्षक आहों. आकाशाकडे पाहणारा तो शिपाई त्यास ओळखत नाहीं. त्यानें ड्रोन पाडला तर तो प्रेक्षकांत पडावयाचा. न पाडला तर त्याचें कर्तव्य चुकावयाचें. रिकामें आकाश हीच त्या माणसाची एकुलती एक मदत असते.

हें सर्व आम्हीं दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत त्या मुलास सांगितलें. त्यानें वाद घातला नाहीं. चित्र गेलें ह्याचें वाईट मात्र त्यास वाटलें. सामन्याच्या रात्रीं तो ड्रोन पेटींत ठेवून घड्याळ व वही घेऊन गच्चीवर बसला, आणि ईशान्येस दूर उतरत जाणाऱ्या विमानांच्या दिव्यांमधील वेळा त्यानें टिपल्या. सोमवारीं वही आमच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "सर, तुमचें ८४ जुळत नाहीं. कोठें सव्वा मिनिट भरतें, कोठें तीन." सरासरी व प्रत्यक्ष ह्यांतील भेद त्यास सांगितला. मग मोठ्या विमानाच्या मागें हवेंत भोंवरे राहतात, म्हणून त्यामागून येणाऱ्या लहान विमानास तीनऐवजीं पांच सागरी मैल दूर ठेवतात, हेंही सांगितलें. त्यानें वहींतल्या तीन मिनिटांच्या नोंदींवर पेन्सिलीनें खुणा केल्या, आणि पुढील शनिवारीं त्यांच्या आधीं गेलेलें विमान मोठें होतें काय हें पाहण्यासाठीं शेजारच्या काकांची दुर्बीण मागून आणली.