खरेदीखतावर दोन्ही नावं

संजू, समलिंगी लग्नाला सुप्रीम कोर्टाने १७ ऑक्टोबर २०२३ ला नाही म्हटलं, त्यावर तुझी चीड असू दे. पण अमेयसोबत घर घेताय तर आत्याचं ऐक. सोसायटीची सचिव होते मी. मयत सभासदाच्या फायलीवरून सख्खी माणसं कशी भांडतात ते पाहिलंय.

खरेदीखतावर पहिल्या दिवसापासून दोघांची नावं हवीत. 'आत्ता एकाच्या नावावर घेऊ, पुढे बघू' हे नवरा-बायकोला परवडतं. त्यांनी एकमेकांना राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. तू अमेयला दिलंस तर पूर्ण. सोसायटी म्हणेल, सहयोगी सभासद करून घेतो. पण कायद्याने त्यासाठी ठरवलेल्या नात्यांच्या यादीत नवरा, बायको, भावंडं, जावई, सून, अगदी पुतण्या-भाचासुद्धा आहे; अमेय नाही. संयुक्त सभासदाला मात्र नातं विचारत नाहीत. शेअर सर्टिफिकेटवर दोन्ही नावं आली का, ते स्वतः जाऊन बघ.

नॉमिनेशन भर, पण त्यावर विसंबू नकोस. नॉमिनी तात्पुरता सभासद. तुझा वाटा शेवटी वारसांकडे जातो, आणि हिंदू वारसा कायद्याच्या लेखी तुझी वारस आधी तुझी आई, ती नसेल तर बाप. म्हणून दोघांनी वेगवेगळं मृत्युपत्र करा. साक्षीदार दोन, तुमच्याहून तरुण. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा.

घर होईपर्यंत भाड्याने राहाल, तर लिव्ह अँड लायसन्स नोंदलेलं आणि दोघांच्या नावाने.

अमेयच्या पागडीच्या खोलीचं अवघड आहे. भाडेकरू गेला की सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला हक्क मिळतो, पण कुटुंबीय कोण? न्यूयॉर्कमध्ये याच प्रश्नावर ब्राश्ची नावाचा माणूस १९८९ मध्ये जिंकला. जोडीदार वारल्यावर घरमालक त्याला बाहेर काढत होता. कोर्ट म्हणालं, लग्नाचा दाखला नको, संसार बघा. आणि तो दिसला कशात? एकत्र बँक खात्यात, विम्यात, कुलमुखत्यारपत्रात. तो निकाल इथे बंधनकारक नाही, पण जमवायचे कागद तेच. जॉइंट खात्याला आडकाठी नाही, हे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. बँकेत कुणी कुरकुरलं तर ते पत्रक पुढे कर.

कागदांचा एक संच माझ्याकडे ठेव. उद्या तुझं काही झालं आणि दादाने घराला कुलूप घातलं, तर अमेयला कपाटही उघडता येणार नाही. दादा माझा सख्खा भाऊ आहे, म्हणूनच सांगते.