घाणेरीची टोपली

तू पाठवलेला व्हिडिओ मी तीनदा पाहिला गं. ती अमेरिकेतली बाई झाडावरचा कुडझूचा वेल ओढून काढते, गुंडाळते आणि चहा निवायच्या आत टोपली तयार! व्हिडिओत सगळंच चहा निवायच्या आत होतं. तो वेल तिकडे 1876 साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जपानी लोकांनी शोभेला मांडला होता. पुढे सरकारनेच माती धरून ठेवायला तो लावायला सांगितला, आणि आता तो पडकी घरंच्या घरं झाकून टाकतो. आपल्या वडीगोद्रीत कुडझू नाही. पण बाहेरून आलेलं, बोकाळलेलं तण म्हणशील तर इथे काय कमी आहे?

बेशरम घे. जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटरचा, त्याच्या पाझराला ही आयतीच फोफावते. जात रताळ्याची, म्हणून मला वाटलं वेलासारखी वळेल. ओली असताना वळतेही. आठ दिवसांनी वाळली की पोकळ काडी कडाकडा मोडते. माझ्या पहिल्या टोपलीचं बूड घरात राहिलं आणि भिंती अंगणात सांडल्या. कुडाला, कुंपणाला ती ठीक. शिवाय विषारी, शेळीला तिची चटक लागली की शेळी झोकांड्या खायला लागते. चाऱ्याच्या पाटीला तर नकोच नको.

गोदावरीतल्या जलपर्णीचंही ऐकलं असशील. आसामात तिच्या देठांच्या पिशव्या होतात, छान होतात. पण शंभर किलो ओली आणलीस तर वाळून पाच-सात किलो हाती येते, आणि पावसाळी हवेत बुरशी धरते. एवढं ओझं नदीवरून वाहणार कोण?

राहिली घाणेरी. हीसुद्धा परदेशातलीच, 1809 च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात फुलांच्या हौसेने आणलेली. काडी करंगळीएवढी घे, अंगठ्याएवढी नको. शेंड्याकडची कोवळी सोडून दे, वाळली की ती चोपते. काळी फळं लागलेली फांदी घरी आणू नकोस, तुझ्याच अंगणात उगवेल. काटे कोयत्याच्या पाठीने खरवडायचे आणि मग पिंप अर्धं कापून केलेल्या कढईत दोनेक तास उकळायची. वास उग्र येतो, म्हणून चूल अंगणात मांड. साल गरम असतानाच ओढायची, मोज्यासारखी उतरते. गार झाली की नखं मोडतील पण ती निघणार नाही. आत पांढरट, गुळगुळीत काडी निघते, थेट वेतासारखी.

आता बूड. चार काड्या आडव्या, त्यांच्यावर चार उभ्या. टोकं झाली सोळा, आणि इथेच मी आठवडाभर डोकं आपटलं. टोकं सम असली की विणायची काडी दुसऱ्या फेऱ्यातही तिथेच वर, तिथेच खाली येते. वीण बसतच नाही. एक टोक जास्तीचं खोचायचं आणि सतरा करायची, बस्स. हे मला सांगितलं शेजारच्या वस्तीवरच्या एका कैकाडी मावशीने. तिने माझं बूड हातात घेतलं, टोकं मोजली आणि नुसती हसली.

आणि बाई, तुला खरं सांगायचंय ते इथून पुढे. हे काम आपण शोधून काढलेलं नाही. निरगुडीचे, तरवडाचे फोक, तुराट्या यांच्या पाट्या, डाली, कणग्या कैकाड्यांनी पिढ्यान् पिढ्या विणल्या. इंग्रजांनी त्यांना गुन्हेगार जमातीत घातलं, तो शिक्का 1952 साली पुसला गेला. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' तुझ्याकडे आहे, कपाटात, काढून वाच. फोक तोडायला आलेल्या बाईला आपल्याच आजोबांनी बांधावरून हाकलताना मी पाहिलंय, आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता त्याच बांधावरचं तण तोडून आपण 'हस्तकला' म्हणून विकणार. तेव्हा तुमच्या गटातल्या सहा जणी शिकणार असाल तर मावशीला शिकवायची रोजची मजुरी द्यायची, आणि विक्रीत वाटा. 'आपुलकीने शिकवते' हे वाक्य मला ऐकायचं नाही.

असं झालेलं आहे बरं का. कर्नाटकातल्या मलै महादेश्वर डोंगरात बांबू मिळेना झाला, तेव्हा बंगळूरच्या 'एट्री' संस्थेने 2004 च्या सुमारास सोलिगा आणि कोरव कारागिरांना घेऊनच घाणेरीच्या खुर्च्या, टोपल्या सुरू केल्या. कोरव म्हणजे कैकाड्यांचेच गणगोत मानतात. ज्यांच्या हातात वीण होती, त्यांच्याच हाती नवी काडी दिली.

विक्रीचं म्हणशील तर गावात फार आशा धरू नकोस. प्लास्टिकची पाटी स्वस्त पडते आणि पावसात राहते. कोंबड्या झाकायचं डालं मात्र अजून खपतं. हात त्यावर बसव. दिव्याच्या शेड वगैरे संभाजीनगरच्या गिऱ्हाइकासाठी नंतर. माझी एक बरी टोपली व्हायला पूर्ण दोन दिवस लागतात, तेवढी मजुरी किमतीत धर, नाहीतर विकूच नकोस. आणि पत्रकात 'टोपली घ्या, निसर्ग वाचवा' असलं काही छापू नकोस. घाणेरी बुडाशी कापली की दुप्पट फुटते. मुळासकट उपटली तरच जाते, आणि ते काम टिकावाचं आहे.

दसऱ्याआधी ये. दिवाळीला मावशी ऊसतोडीला जाते, मग गुढीपाडव्यापर्यंत भेटत नाही. येताना चामड्याचे हातमोजे आण, तीन जोड. इथे मिळतात ते कापडी, दुपारपर्यंत फाटतात.