प्रसंग कसा लिहावा?

"वार्तापत्रासाठी एखादा अनुभव लिहून पाठवा," असे म्हटले की मंडळीतील पुष्कळजण मागे सरतात. "आम्हाला कुठे लिहिता येते?" दहावीची मुले ज्याला प्रसंगलेखन म्हणतात तेच हे; शाळा सुटली की आपण ते विसरतो एवढेच. या अंकात त्याचा थोडा अभ्यास करू. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी सातपुड्यातून वसतिगृहात आलेल्या एका पावरा मुलाविषयी मी लेख लिहिला. 'दारिद्र्याने पिचलेला तो चिमुकला जीव अश्रू ढाळीत आमच्या दारात उभा राहिला,' अशी त्याची सुरुवात होती. लेख लोकांना आवडला, देणग्याही आल्या. मुलगा नववीत गेल्यावर तो जुना अंक त्याच्या हाती पडला. माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, मी रडलो नव्हतो. केळीच्या ट्रकमध्ये उलटी झाली होती, म्हणून डोळे लाल होते. आणि बाबाने आणलेली कोंबडी तुम्ही लिहिलीच नाही."

कोंबडी मला चांगली आठवत होती. मीच त्यांना आणायला वरणगावच्या स्टँडवर गेलो होतो. कोंबडी पिशवीतून सुटली, बापलेक तिच्यामागे धावले, सारे स्टँड हसत होते. परक्या दारी मूल ठेवायचे तर रिकाम्या हाताने कसे जायचे, म्हणून बापाने ती आणली होती. एवढे सगळे डोळ्यांसमोर घडले आणि मी लिहिले काय, तर 'दारिद्र्य'!

आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयात लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' आहे. ते 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. रीतसर शाळा न शिकलेल्या या बाई घरात बोलावे तसे लिहितात. वडिलांचे सोवळ्याचे वेड त्या 'विक्षिप्त' या एका शब्दात उरकत नाहीत. ते वेड घरात रोज काय काय करायला लावी, ते दाखवतात. टिळकांवर त्यांचे प्रेम, पण त्यांचा रागही झाकत नाहीत. स्वतःची फजिती तर हौसेने सांगतात.

खानदेशच्या वाचकांनी त्यातला ठोंबऱ्यांचा भाग जरूर वाचावा. 1907 साली जळगावात कविसंमेलन भरले, तेथे धरणगावचे हे तरुण ठोंबरे रेव्हरंड टिळकांच्या नजरेत भरले. पुढे ते नगरला टिळकांच्या घरी राहिले. हेच बालकवी. 1918 साली आपल्या भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. असा माणूस लिहायला घेतला की 'थोर', 'दैवी' असे शब्द आपोआप हाताशी येतात. लक्ष्मीबाईंनी मात्र ठोंबरे घरच्या मुलासारखे, त्यांच्या हट्टांसकट लिहिले.

तेव्हा लिहायला बसताना मुलाचा सगळा जीवनप्रवास घेऊ नका, एकच प्रसंग घ्या. पार्श्वभूमी सांगत बसण्यापेक्षा घटनेच्या अगदी जवळून सुरू करा; माझा लेख कोंबडी सुटली तिथूनच सुरू व्हायला हवा होता. माणूस बोलला असेल तर त्याचेच शब्द ठेवा. पावरी बोलणाऱ्या बापाच्या तोंडी प्रवचनाची मराठी शोभत नाही. 'करुण', 'हृदयद्रावक' असे शब्द आले की थांबावे आणि आपण नेमके काय पाहिले ते आठवावे. शेवटी उपदेशाचे वाक्य जोडायचा मोह होतो (मला तर फारच होतो!), ते खोडून टाकावे, प्रसंग नीट उतरला असेल तर त्याची गरज पडत नाही.

आणखी एक, आणि माझ्या मते हे सगळ्यांत महत्त्वाचे. ज्याच्याविषयी लिहिले त्याला छापण्याआधी वाचून दाखवा. मूल लहान असेल तर त्याच्या आईबापांना. त्यांनी नको म्हटले तर तो कागद फायलीत ठेवा, मग देणगी येवो न येवो. आपण देणगीदारांसाठी लिहितो खरे, पण ही मुलेही आता वाचतात.

त्या मुलाचा प्रसंग मी पुन्हा लिहिला आणि एका संध्याकाळी त्याला वाचून दाखवला. नाव न घालता छापायला त्याने होकार दिला. दुरुस्ती एकच सांगितली. स्टँडवरच्या चहावाल्याने बाकाखालून कोंबडी पकडून दिली, असे मी लिहिले होते.

"त्याने नाही, सर," तो म्हणाला, "मी पकडली होती."