डायलिसिसवरील रुग्णांचा रक्तक्षय आणि संप्रेरके

मूत्रपिंड हे नाव थोडे फसवे आहे. दूषित द्रव्ये मूत्रावाटे बाहेर टाकणे एवढेच या अवयवाचे काम असावे, अशी त्यावरून समजूत होते. प्रत्यक्षात तांबड्या रक्तपेशी तयार करण्याचा आदेश अस्थिमज्जेला मुख्यतः मूत्रपिंडाकडूनच मिळतो. हा आदेश म्हणजे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक होय. मूत्रपिंडे निकामी झाली की ते अपुरे पडते. डायलिसिसचे यंत्र रक्त शुद्ध करते. संप्रेरक निर्माण करीत नाही. म्हणूनच आठवड्यातून तीन वेळा एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी जाऊन नियमाने डायलिसिस करून घेणारा रुग्णही फिकट दिसतो, चार पायऱ्या चढताच त्यास धाप लागते.

पूर्वी अशा रुग्णांना वारंवार रक्त देण्यावाचून फारसा उपाय नव्हता. १९७७ मध्ये हे संप्रेरक मानवी मूत्रातून शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले, १९८५ मध्ये त्याच्या जनुकाची प्रतिकृती तयार झाली आणि १९८९ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून त्यास मान्यता मिळाली.

तथापि इंजेक्शने चालू असूनही काहींचे हिमोग्लोबिन वाढत नाही. पुष्कळदा लोहाची कमतरता हे कारण असते. यकृतातील हेपसिडिन हे संप्रेरक अशा रुग्णांत, विशेषतः जंतुसंसर्ग किंवा दाह असताना, वाढते आणि आतड्यातून लोहाचे शोषण रोखते. त्यामुळे गोळ्यांचा उपयोग बेताचाच होतो व लोह शिरेवाटे द्यावे लागते.

दुसरे कारण सहज नजरेत भरत नाही. निकामी मूत्रपिंडामुळे रक्तात फॉस्फेट साचते, ‘ड’ जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप कमी पडते आणि कॅल्शियम घटते. ते भरून काढण्यासाठी गळ्यातील परावटू ग्रंथी अधिकाधिक संप्रेरक स्रवू लागतात. वर्षानुवर्षे हे चालले म्हणजे हाडे ठिसूळ होतात आणि मज्जेत तंतूंचे जाळे वाढून रक्तपेशींना जागाच उरत नाही. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, एरिथ्रोपोएटिनला कमी प्रतिसाद देणाऱ्या रुग्णांत परावटू संप्रेरकाची पातळी आणि मज्जेतील तंतू, दोन्ही अधिक आढळले. शेतात बी टाकले, पण जमीनच हरळीने व्यापलेली, अशी ही अवस्था! येथे फॉस्फेट आटोक्यात आणणे, ‘ड’ जीवनसत्त्वाचे योग्य रूप देणे आणि क्वचित ग्रंथींची शस्त्रक्रिया करणे, यांनी औषधाचा गुण येऊ लागतो. फॉस्फेट बांधून ठेवणाऱ्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्यावयाच्या असतात. उपाशीपोटी घेतल्यास अन्नातील फॉस्फेट अडवण्याचे काम त्या करू शकत नाहीत. ही साधी गोष्ट अनेक घरांत कोणी समजावून सांगितलेली नसते.

प्रतिसाद नाही म्हणून इंजेक्शनाची मात्राच वाढवीत जाणे धोक्याचे आहे. २००६ साली मूत्रपिंडविकाराच्या, परंतु अद्याप डायलिसिसवर नसलेल्या रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीत, हिमोग्लोबिन १३.५पर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मृत्यू व हृदयविकाराच्या घटना अधिक झाल्या. डायलिसिसच्या रुग्णांतही सामान्यतः १० ते ११.५ ग्रॅमची पातळी पुरेशी मानली जाते. हा आकडा गाठला जात नसेल, तर फेरिटिन, ट्रान्सफेरिन संपृक्तता आणि परावटू संप्रेरक यांचे अलीकडचे अहवाल डॉक्टरांपुढे ठेवून मात्रेविषयी विचारावे.