फराळाचे डबे उरले, आता काय?

प्रश्न : दिवाळीत शेजारीपाजारी, सोयरे, सगळ्यांकडून फराळ आला. घरात माणसे तीन. आलेले दुसऱ्याला देणे बरे दिसते का?
– एक वाचक, इंद्रवेल्ली

उत्तर : अवश्य द्यावे, पण आधी डबे उघडून पाहावेत. खव्याची मिठाई आणि ओल्या नारळाच्या करंज्या त्याच दिवशी वाटाव्यात. त्या थांबत नाहीत. बेसनाचे लाडू, शंकरपाळे, कोरडा चिवडा घट्ट झाकणाच्या डब्यात काही आठवडे टिकतात. चकली सादळली तर कढईत मंद आचेवर कोरडीच गरम करावी, पुन्हा तळू नये. तेलाचा खवट वास आला, तर मात्र तो पदार्थ कोणालाच देऊ नये.

हा पेच फक्त दिवाळीचा नाही. कोकणातील मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींसह जगभरचे ज्यू पुरीमच्या सणाला एकमेकांकडे खाऊ पाठवतात. महिन्याभरात पेसाहचा सण येतो आणि तेव्हा घरात खमीर चढलेले काही चालत नाही, म्हणून केक-बिस्किटे त्याआधी संपवावीच लागतात. त्यांचा नियम मोठा शहाणा आहे : एका व्यक्तीला दोन खाद्यपदार्थ पाठवले की पुरे, पण गरजूंना दान दिलेच पाहिजे.

इंद्रवेल्ली-उटनूर भागात आदिवासी मुलांच्या आश्रमशाळा आहेत. सुट्टी संपून मुले परतली की मुख्याध्यापकांना आधी विचारून ताजा, कोरडा फराळ तिथे न्यावा. डब्यावर केल्याची तारीख आणि शेंगदाणे असल्यास तसे लिहावे. पुढच्या वर्षी सोयऱ्यांशी दिवाळीआधीच बोलून घ्यावे : घरटी एकच पदार्थ, तोही पाव किलो.