शिवलकर गेले, तेव्हा

भिवंडी,
८ मार्च २०२५

चि. बाळू यास,

३ मार्चला मुंबईचे पद्माकर शिवलकर गेले. ८४ वर्षांचे होते. तूही डावखुरा फिरकी गोलंदाज, म्हणून हे तुलाच लिहितोय.

सगळीकडे एकच हळहळ चालली आहे : एवढा गोलंदाज, पण कसोटी खेळायला मिळाली नाही. १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी, पण भारतीय संघात ती जागा बिशनसिंग बेदींची. हरियाणाच्या राजिंदर गोयलांचंही तेच झालं. वाईट वाटतंच. पण जे मिळालं नाही त्यावरूनच माणसाला ओळखायचं, हे मला पटत नाही.

१९७३ चा रणजीचा अंतिम सामना घे. चेपॉकची खेळपट्टी पहिल्यापासून वळत होती, समोर तमिळनाडूचे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार. मुंबई १५१ मध्ये गारद. मग शिवलकरांनी १६ धावांत ८ बळी घेतले, दुसऱ्या डावात १८ धावांत ५. तमिळनाडू ८० आणि ६१! तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर खेळ खलास. मुंबईचा तो सलग पंधरावा करंडक. खेळपट्टी सगळ्यांना सारखीच होती रे; टप्पा मात्र शिवलकरांचा होता.

आणि निवृत्तीनंतर, सत्तेचाळिसाव्या वर्षी ते पुन्हा मुंबईकडून रणजी खेळले. तेव्हा कसोटीची आशा कुठली उरली होती? गोलंदाजी करायची होती, म्हणून केली.

संघाच्या यादीत नाव आलं नाही म्हणून तू किट माळ्यावर टाकलंस, असं ताई म्हणाली. निवड योग्य झाली की नाही, यात मी पडत नाही. मला काळजी वेगळीच आहे. गावोगावच्या टेनिस बॉलच्या स्पर्धांत षटकार वाचवायला तू चेंडू सपाट ढकलायला लागलायस. बोटं चेंडूवर फिरतच नाहीत. हा उन्हाळा त्या स्पर्धा सोड. बक्षिसाचे पैसे बुडतील, बुडू देत. टप्प्यावर रुमाल टाक आणि सीझन बॉलने रोज सकाळी टाकत राहा. कुणी षटकार मारला तर पुढचा चेंडू आखूड नको; तेवढीच उंची, तोच टप्पा.

शनिवारी कारखान्यातली पाळी दुपारी सुटते. चारपर्यंत मैदानावर येतो, यष्ट्यांमागे मी उभा राहीन. ताईला सांग, रात्री जेवायला तिकडेच आहे.

तुझा,
मामा