राजू नावाची मुलगी : गोष्टीतल्या 'मुलासारख्या' मुली आणि त्यांची नावं



आज एका छोट्याशा वाटणाऱ्या विषयावर लिहिते आहे. गोष्टीत एखादी मुलगी झाडावर चढणारी, मारामारी करणारी, केस कापलेली असली, की लेखक तिला बरेचदा मुलाचं नाव देतात. असं का होतं? आणि आपल्या वर्गातल्या मुली त्यातून काय शिकतात?

वर्गात काय घडलं

माझ्या वर्गात वरळीच्या बीडीडी चाळीतली बरीच मुलं आहेत. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, मधून लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या. अशा घरात मुलं घरात कमी आणि पॅसेजमध्ये, जांबोरी मैदानावरच जास्त वाढतात. कोणाला काय हाक मारायची हे घरचे एकटे ठरवत नाहीत, अख्खा मजला ठरवतो.

सातवीला मी 'माझी गोष्ट, माझा नायक' असा लेखनाचा विषय दिला होता. एका मुलीने कबड्डी खेळणाऱ्या मुलीची गोष्ट लिहिली. छान होती. चढाईला गेल्यावर दम कसा टिकवायचा, हे तिने अगदी खेळाडूसारखं लिहिलं होतं. नायिकेचं नाव होतं राजू.

वाचून झाल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, राजू मुलगा असतो!" सगळा वर्ग हसला. ती मुलगी काही बोलली नाही, वही मिटून बसली.

पुढच्याच आठवड्यात तिची आई भेटायला आली. म्हणाली, "बाई, तुम्हीच समजवा आता तिला. मजल्यावर सगळे तिला राजू म्हणतात, लहानपणी ते चालून गेलं. आता वहीवर पण तेच लिहायला लागलीय. उद्या नवीन बिल्डिंगमध्ये राहायला जायचंय, तिथं लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "ताई, मला थोडा वेळ द्या. मीच आधी जरा अभ्यास करते." तो अभ्यास पुढे मांडते आहे.

जगातल्या गोष्टींमध्ये

सगळ्यात आधी ज्यो. लुईसा मे अल्कॉट यांची 'लिटल विमेन' १८६८-६९ मध्ये दोन भागांत आली. आपल्याकडे शांता शेळके यांनी तिचं 'चौघीजणी' हे रूप मराठीत आणलं आणि कित्येक पिढ्यांनी ते वाचलं. त्यातल्या जोसेफिनला आपलं पूर्ण नाव आवडत नाही, सगळ्यांनी 'ज्यो' म्हणावं असं तिला वाटतं. वडील युद्धावर गेलेत, घरात पैसे नाहीत, तेव्हा ती स्वतःचे लांब केस विकून २५ डॉलर आणते.

गंमत म्हणजे त्याच पुस्तकात उलटं उदाहरणही आहे. शेजारच्या लॉरीचं खरं नाव थिओडोर. पण मित्र त्याला 'डोरा' असं मुलीचं नाव घेऊन चिडवायचे, म्हणून त्याने ते टाकलं आणि 'लॉरी' घेतलं. मुलीने मुलाचं नाव हौसेने घेतलं, मुलाने मुलीचं नाव लाजेने टाकलं. ही जोडी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी जॉर्ज. एनिड ब्लायटन यांच्या 'फेमस फाइव्ह' मालिकेचं पहिलं पुस्तक १९४२ चं. त्यातली जॉर्जिना केस आखूड ठेवते, पोहते, होडी वल्हवते, आणि 'जॉर्जिना' म्हणून हाक मारली तर ओ देत नाही. तिसरी स्काउट. हार्पर ली यांच्या १९६० मधल्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड'ची ही छोटी निवेदक. खरं नाव जीन लुईस फिंच. लेखिकेचंही पूर्ण नाव नेल हार्पर ली. पुस्तकावर त्यातलं 'नेल' हे बाईचं नाव गळलं आणि पुरुषी वाटणारं 'हार्पर' राहिलं.

हे फक्त तिकडचंच आहे असं समजू नका. ज्योला मराठीत आणणाऱ्या शांताबाईंनी स्वतः 'वसंत अवसरे' या पुरुषी टोपणनावाने गाणी लिहिली आहेत.

आपल्याकडे : मनू, मित्रा आणि आर्ची

झाशीची राणी आपण इतिहासात शिकवतो. मणिकर्णिका हे तिचं नाव, लहानपणी सगळे मनू म्हणायचे. मराठीत मनू मुलगीही असते आणि पहिला मानव मानला गेलेला मनूही असतो. बिठूरला नानासाहेबांबरोबर वाढलेली, घोड्यावर बसणारी मनू मुलांना फार आवडते. वर्गात सुरुवात करायला हे उत्तम उदाहरण आहे.

मराठी साहित्यातलं सगळ्यात नेमकं उदाहरण मात्र विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकाचं. १९८१ मध्ये ते रंगभूमीवर आलं, रोहिणी हट्टंगडी यांनी मुख्य भूमिका केली होती. नायिका सुमित्रा. पण सगळे तिला 'मित्रा' म्हणतात. तिचं वागणं-बोलणं पुरुषी आहे आणि तिचं प्रेम एका मुलीवर आहे. आता नाव नीट बघा. सुमित्रामधला 'सु' गेला आणि जे उरलं ते आपण मित्राला मारतो ती हाक आहे, "अरे मित्रा!" नाटकाच्या नावाचेही दोन अर्थ होतात, मित्रा या मुलीची गोष्ट आणि एका मित्राची गोष्ट. मराठीच्या विभक्तीमुळेच हे जमलं आहे. नाटकाचा शेवट दुःखाचा आहे, मित्रा स्वतःचं आयुष्य संपवते. त्यामुळे हे नाटक सातवीच्या वर्गात घेऊ नका, पण शिक्षक आणि पालकांनी जरूर वाचा.

आणि २०१६ च्या 'सैराट'मधली आर्ची. बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. नाव अर्चना, त्याचं झालं आर्ची. अमेरिकन कॉमिक्समध्ये आर्ची हा मुलगा आहे! पण मराठी कानाला शेवटच्या 'ई'मुळे आर्ची मुलगीच वाटते. म्हणजे इथे धाडसी मुलीला मुलाचं नाव घ्यावं लागलं नाही. ताम्हनकरांची चिंगी आठवा, तीही खोडकर, पण नाव मुलीचंच.

भाषेचा धडा : या, ई आणि ऊ

हा भाग थेट व्याकरणाच्या तासाला घेता येतो. मराठीतल्या लाडक्या नावांची शेवटं बघा.

'या' आला की बहुतेक मुलगा : पक्या, दिल्या, सच्या.
'ई' आली की बहुतेक मुलगी : चिंगी, सुमी, आर्ची.
'ऊ' आला की दोघंही चालतात : सोनू, चिकू, मनू, पिंकू.

म्हणजे 'राजू' हे व्याकरणाने मुळातच दोघांचं नाव आहे. राजेंद्रचा राजू होतो, तसा राजश्रीचाही होऊ शकतो. मागच्या बाकावरचा मुलगा हसला ते सवयीने. व्याकरणाने त्याला तसं सांगितलेलं नव्हतं.

पूर्ण नावांतही अशी उदाहरणं आहेत. किरण मोरे आणि किरण बेदी. कमल हासन आणि लेखिका कमल देसाई. सुहास नावाचे पुरुष आपल्याला भरपूर माहीत असतात, आणि ज्येष्ठ अभिनेत्री सुहास जोशीही माहीत असतात.

पण मराठीत एक अडचण आहे. इंग्रजीत स्काउट 'मी'ने गोष्ट सांगते, तेव्हा क्रियापदावरून ती मुलगा की मुलगी हे कळत नाही. मराठीत लपता येत नाही. 'मी गेलो' की 'मी गेले' हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. नाव 'जॉर्ज' ठेवलं तरी पुढे 'म्हणाली' येतंच. म्हणजे मराठी लेखकाला मुलीला मुलाचं नाव देता येतं, पण क्रियापद तिला मुलगी म्हणतच राहतं.

अर्थात मराठीही एक नाही. कोल्हापूरकडच्या बायका सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. मालवणीत चेडू म्हणजे मुलगी, आणि तो शब्द नपुंसकलिंगी आहे, 'ता चेडू'. त्या मुलीच्या आईला मी हे सांगत होते, तेव्हा ती एकदम हसायलाच लागली. म्हणाली, "अहो बाई, आमच्या सासूबाई कोल्हापूरच्याच! जन्मभर 'मी आलो' म्हणतात. त्यांना कोणी मुलगा नाही म्हटलं." तिचं अर्धं टेन्शन तिथेच उतरलं असावं.

खरा प्रश्न : शेवट

नावापेक्षाही मला महत्त्वाचं वाटतं ते गोष्टीचा शेवट. मी त्या मुलीची वही पुन्हा मागून घेतली. वर्गात ती शेवटचं पान वाचलीच नव्हती. त्यात लिहिलं होतं, राजू मोठी झाली, तिने केस वाढवले, लग्न झालं आणि सगळे तिला राजश्री म्हणू लागले.

मी विचारलं, "असं का केलंस गं?"

ती म्हणाली, "बाई, शेवटी असंच होतं ना?"

विचार करा. बारा वर्षांच्या मुलीला हे कोणी शिकवलं? आपल्याच गोष्टींनी. 'कुछ कुछ होता है' मधली अंजली कॉलेजात बास्केटबॉल खेळते, पुढे लांब केस आणि साडीत येते तेव्हा नायकाला ती आवडते. ज्योचंही अल्कॉटबाईंनी दुसऱ्या भागात लग्न लावलं, आणि त्या स्वतः मात्र अविवाहित राहिल्या. म्हणजे मुलाचं नाव हे बऱ्याच गोष्टींत बालपणापुरतं दिलेलं असतं. मोठी झालीस की परत कर. आणि जी परत करत नाही, तिचं मित्रासारखं होतं. आपल्या मुलींना हे दोनच शेवट माहीत असावेत का?

आपण काय बोलतो

पालकांनो, आपण कौतुक करतो, "ही माझी मुलगी नाही, मुलगाच आहे." हेतू चांगलाच असतो. पण मुलीला काय ऐकू जातं? चांगली असणं म्हणजे मुलगा असणं. आता ज्यो आणि लॉरीची जोडी आठवा. मुलीला 'मर्दानी' म्हटलं की कौतुक, मुलाला 'बायल्या' म्हटलं की शिवी. दोन्हीचा अर्थ एकच निघतो, बाईपण खालचं.

आपल्याकडे ही गोष्ट नावातच कशी शिरते याचं कडू उदाहरण साताऱ्याचं आहे. मुलगा हवा असताना झालेल्या मुलींचं नाव 'नकुशा' ठेवलं जायचं. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली. तिथे मुलींवर दुसऱ्यांनी नाव लादलं होतं. आमच्या राजूने नाव स्वतः घेतलं आहे. हा फरक मोठा आहे. लादलेलं नाव काढायला मदत करावी, आवडीने घेतलेल्या नावाची थट्टा करू नये.

आणि गोपाळकाल्याला बघा. थर लावणाऱ्या मुलींच्या पथकाला आपण 'महिला गोविंदा पथक' म्हणतो. वर चढणारी मुलगीही गोविंदाच असते. तेव्हा कोणी हसत नाही.

वर्गासाठी तीन उपक्रम

१. नावांचा तक्ता : फळ्यावर तीन रकाने करा, मुलाची, मुलीची, दोघांची. मुलांना आपल्या घरातली, मजल्यावरची नावं आठवायला सांगा. तिसरा रकाना त्यांना वाटतो त्यापेक्षा लवकर भरतो. वर्गातल्या कोणा मुलाचं नाव चर्चेला घेऊ नका.

२. क्रियापद बदला : 'मी'ने लिहिलेला एक परिच्छेद द्या. मुलांनी मुलीच्या आणि मुलींनी मुलाच्या तोंडी तो लिहायचा. मग विचारा, क्रियापदाशिवाय आणखी काही बदललंत का? का बदललंत? खरी चर्चा इथे होते.

३. शेवट बदला : एखाद्या धाडसी मुलीच्या गोष्टीचा वेगळा शेवट लिहायचा. अट एकच, तिने जे आवडतं ते सोडायचं नाही.

पालकांसाठी एवढंच सांगेन. दाखल्यावर, परीक्षेच्या अर्जावर कागदोपत्री नाव लागतं, ते मुलीला समजावून सांगा. घरात आणि खेळात तिला आवडतं ते नाव राहू द्या. ती पुढे ते ठेवेल किंवा सोडेल, तिचं तिला ठरवू द्या. आणि ती काही वेगळं सांगू पाहत असेल, तर आधी नीट ऐकून घ्या.

त्या मुलीच्या आईशी मी हेच बोलले. तिला सगळं पटलं असं नाही. जाताना म्हणाली, "उत्तरपत्रिकेवर तरी खरं नाव लिहायला सांगा बाई." ते मी सांगितलं, आणि मुलीनेही ऐकलं.

तिसरा उपक्रम केला तेव्हा तिने आपल्याच गोष्टीचा शेवट बदलला. त्यात राजूचं कुटुंब चाळ सोडून नव्या बिल्डिंगमध्ये जातं, दारावर नावाची पाटी लागते. पाटीवर घरातल्या सगळ्यांची नावं आहेत आणि सगळ्यात खाली लिहिलंय, राजू. मागच्या बाकावरच्या मुलाने या वेळी एकच शंका काढली, "बाई, पण मॅच कोण जिंकलं?"

मॅच तिने लिहिलीच नव्हती. पुढच्या तासाला लिहून आणते म्हणाली.